वहिनी काय म्हणाल्या ते

गल्फमध्ये, जबल अलीतल्या आमच्या कंपनीच्या दवाखान्याला दोन दरवाजे होते. एकावर लिहिलं होतं 'स्टाफ', दुसऱ्यावर 'लेबर'. आत डॉक्टर एकच, औषधं एकाच कपाटातली आणि सुई टोचणारी मीच. तरी कोण कुठून आत येतो याला फार महत्त्व होतं. स्टाफच्या बाजूला एसी, गाद्यांच्या खुर्च्या आणि इंग्रजी मासिकं. लेबरच्या बाजूला पत्र्याची शेड, दोन लांब बाकं आणि कुरकुरणारा एक पंखा. माणूस समोर दिसला की त्याच्या बुटांवरून आणि कातडीवरून त्याला कुठे पाठवायचं हे मला क्षणात कळायचं. आता सांगायला लाज वाटते, पण त्याचा मला थोडा अभिमानही होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी स्टाफच्या दारातून एक उंच माणूस आत आला. काळासावळा, रुंद नाकाचा, पिकलेले कुरळे केस, अंगात कामगारांचं केशरी जॅकेट. "सिस्टर," एवढंच म्हणाला. मी रजिस्टरमधून पुरती मान वर न काढताच हात केला, "लेबर दॅट साइड. यल्ला, चलो." तो वळला आणि शेडमध्ये जाऊन बसला. जवळजवळ दोन तास बसला. मग ॲडमिनचा मल्याळी माणूस घामाघूम होऊन धावत आला, "सिस्टर, ये क्या किया? वो ऑस्ट्रेलियन है! क्रेन का ट्रेनर! मॅनेजर ग्रेड!"

आमच्याकडे पगार पासपोर्टवर ठरायचा. तेच काम, पण गोऱ्या साहेबाला व्हिला आणि गाडी, आमच्या माणसाला शहरातल्या करामा वस्तीत भाड्याच्या घरात एक खोली, आणि लेबरला कॅम्पमध्ये वरचा पलंग की खालचा एवढीच निवड. या माणसाचा पासपोर्ट वरच्या पायरीचा आणि चेहरा खालच्या पायरीचा, त्यामुळे सगळ्यांचीच पंचाईत झाली होती. गेटवरचा वॉचमनही रोज त्याला कामगारांच्या बसकडे पिटाळायचा, असं नंतर कळलं. मी त्याचं रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर. मी दहादा सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "बाकावर गप्पा बऱ्या चालल्या होत्या. त्या पंख्याचं तेवढं बघा."

तो ऑस्ट्रेलियातला मूळ रहिवासी होता. गोरे यायच्या आधीपासून तिथे असलेल्यांपैकी. आणि त्याला हाकलणारी मी कोण होते? ते मी तोवर त्या देशात कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी कोकणा आहे. आदिवासी. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली. आश्रमशाळेत शिकले, सरकारी वसतिगृहात राहिले, आणि मुंबईत नर्सिंगला गेल्यावर पहिल्याच महिन्यात शिकले की हे कुठे बोलायचं नाही. खोलीतल्या मुलीनं विचारलं होतं, "तुमच्यात कपडे कधीपासून घालायला लागले?" वाईट हेतूनं नव्हे, कुतूहलानं. माझं आडनाव मराठ्यांतही निघतं, त्यामुळे लपणं सोपं गेलं. खोटं बोलावं लागत नाही, समोरचा चुकला की फक्त दुरुस्त करायचं नाही.

करामात वहिनी भेटल्या त्याही तशाच. एका किराणा दुकानात मी नागलीचं पीठ शोधत होते. मागून आवाज आला, "नाचणी का? डायबेटिस आहे वाटतं घरात? सहा दिरहॅम, म्हणजे सत्तर रुपये झाले की हो! लुटतात मेले." मराठी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कुठल्या, म्हणून विचारलं. नाशिककडची, म्हटलं. "अगं बाई, आमचं माहेर निफाड! म्हणजे आपल्यातलीच." मी हसले. तेवढ्यानं काम झालं.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले. त्यांचे यजमान, मी त्यांना दादा म्हणायचे, एसी डक्टच्या कामांची कंत्राटं घ्यायचे. मुलगी बारा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. मी ज्या खोलीत राहत होते तिथे केरळच्या दोन नर्सेस होत्या, चांगल्या होत्या, पण आपसात बोलायच्या आणि हसायच्या ते मला कळायचं नाही. आठवड्याचे सहा दिवस मी इंग्रजी-हिंदीत जगायचे. शुक्रवारी अकराला वहिनींचा फोन यायचा, "येतेस ना गं? मटण आणलंय." त्या एका वाक्यावर मी पुढचा आठवडा काढायचे. ते घर गेलं तर त्या अख्ख्या देशात मला बसायला दुसरं दार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो क्रेनवाला दर मंगळवारी साखर तपासायला येऊ लागला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी फॉर्म भरत होते. आईचं नाव? मी पुन्हा विचारलं. म्हणाला, "ती गेल्या वर्षी गेली. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारत नाहीत." मी तो रकाना कोरा सोडला. मग त्यानं विचारलं, "तुमच्यात काय करतात?" आणि मी बोलून गेले. काशाच्या थाळीच्या मधोमध मेण लावून एक काडी उभी करतात, थाळकरी ती काडी दोन बोटांनी ओढत राहतो, थाळी गुणगुणते आणि त्यावर तो कथा गातो, गेलेल्या माणसाच्या दिवसाला गातो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, थाळ हा शब्द मी अकरा वर्षांत तोंडातून काढला नव्हता.

"तुझी माणसं कोणती?" त्यानं विचारलं.

"इंडियन," मी म्हटलं.

"ते पासपोर्टवर आहे. माणसं कोणती?"

"ट्रायबल," मी हळूच म्हणाले. दार लावलेलं आहे ना ते पाहून.

"ते सरकारनं ठेवलेलं नाव झालं. तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"कोकणा."

त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. नीट जमला नाही, पण मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं हे सांगायलाही तिथे मला कोणी नव्हतं.

पुढचे मंगळवार आम्ही बोलत राहिलो. त्याच्या आईला सरकारनं लहानपणी तिच्या आईपासून तोडून मिशनच्या वसतिगृहात टाकलं होतं. तिचं बालपण कुठे लिहिलेलं असेल तर ते त्याच सरकारी फायलीत: वजन किती, वागणूक कशी, पळाली किती वेळा. त्या फायलीवरूनच त्यानं तिशीत गेल्यावर आपली माणसं शोधली. मी त्याला आमच्या प्लाटाबद्दल, जंगलखात्याच्या हद्दीत अडकलेल्या आमच्या शेताबद्दल सांगितलं. इंग्रजांनी जंगलाभोवती रेघ मारली आणि माझा पणजा स्वतःच्या शेतात चोर ठरला. इंग्रज गेले, पण रेघ तशीच राहिली. राबाला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला फांद्या तोडल्या म्हणून, जमीन कसली म्हणून जंगलखात्याचा गार्ड दंड करायचा, आणि बाप त्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचा. कारण जमीन आपण कसत होतो याचा कागद म्हणजे तेवढाच. तो हे ऐकून खो खो हसला. मीही हसले. दुसऱ्या कुणाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नसतं.

मी वहिनींकडे सहज बोलले, की दवाखान्यात एक ऑस्ट्रेलियन येतो. झालं! दादांनी ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशनचे कागद नुकतेच भरले होते. गल्फमधले निम्मे मराठी तेव्हा एक तर कॅनडाचे पॉइंट मोजत होते नाही तर ऑस्ट्रेलियाचे. वहिनी म्हणाल्या, "अगं, मग घेऊन ये ना त्यांना! पर्थ बरं की मेलबर्न, शाळा कशा, सगळं विचारू. इन्शाल्ला झालंच काम तर ओळख असलेली बरी." वहिनींना मी आधी सांगायला हवं होतं तो कसा आहे ते. सांगितलं नाही. खरं म्हणजे मला त्यांचे चेहरे बघायचे होते. माझ्यात हा खोडसाळपणा आहेच.

शुक्रवारी वहिनींनी पैठणीसारख्या काठाची साडी नेसून दार उघडलं आणि माझ्या मागे, त्याच्याही मागे, जिन्यात पाहिलं. अजून कोणी यायचं राहिलंय का म्हणून. मुलगी आतून म्हणाली, "ममा, ही इज नॉट इव्हन व्हाइट." तो म्हणाला, "नो, लव्ह, आय ॲम नॉट," आणि बूट काढून आत आला.

जेवण तसं बरं चाललं होतं. त्यानं काळ्या मसाल्याचं मटण दोनदा घेतलं, वहिनी खूश झाल्या. दादांनी विचारलं, "बट ओरिजिनली, व्हेअर फ्रॉम?" तो म्हणाला, "तिथलाच." दादा म्हणाले, "नो नो, बिफोर दॅट?" तो म्हणाला, "त्याआधीही तिथलाच." मग दादांच्या डोक्यात प्रकाश पडला. "ओह, ॲबोरिजिनल! पण तुम्हाला तर गव्हर्नमेंट सगळं देतं ना? घर, पैसे?" तो हाड चोखत राहिला. तेव्हा वहिनी भात वाढता वाढता माझ्याकडे वळून आपल्या मराठीत म्हणाल्या, "आपल्याकडच्या आदिवासींसारखंच गं. सगळं फुकट द्या, तरी सुधारायचं नाव नाही. रक्तातच नसतं त्यांच्या."

त्यानं मान वर केली आणि मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनींचा हात भाताच्या वाडग्यावर थांबला. त्या घाबरल्या नव्हत्या. मी त्यांच्यातलीच होते, मी सांभाळून घेईन याची त्यांना खात्री होती.

मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, लाजू नका, आणखी भात घ्या."

"थँक यू," तो त्यांना म्हणाला आणि ताट पुढे केलं.

परतताना त्यानं मला त्याच्या गाडीतून माझ्या बिल्डिंगपर्यंत सोडलं. दुसऱ्या सिग्नलला मला राहवलं नाही, म्हणून मी खरं सांगून टाकलं, शब्दाला शब्द. तो म्हणाला, "मला अंदाज होता. हे वाक्य ओळखायला भाषा लागत नाही." मग म्हणाला, "माझी आई मिशनमधून पळून शहरात आल्यापासून सगळ्यांना सांगायची की ती इटालियन आहे. मरेपर्यंत सांगत राहिली. मी शोधलेल्या माणसांनाही तिनं कधी घरी येऊ दिलं नाही. तिच्या मयताला खूप लोक आले. चर्चमधले, शेजारचे, सगळे ती इटालियन म्हणून रडत होते. तिचं खरं माणूस मी एकटाच." त्यात मला उपदेश नव्हता. तो फक्त आईबद्दल बोलत होता, नाव न घेता.

मी खोलीवर गेले. अंघोळ केली, युनिफॉर्मला इस्त्री केली, पण डोक्यातून ते मयत जाईना. माझ्या मयताला कोण कोण येईल ते मी मोजायला लागले आणि मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. पुढच्या शुक्रवारी फोन यायच्या आधीच मी वहिनींकडे गेले. त्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, मी आदिवासी आहे. कोकणा. आश्रमशाळेत शिकले, फुकट."

"चल, काहीतरीच!" त्या हसल्या. माझं तोंड पाहून थांबल्या. "खरंच? पण तू तशी वाटत नाहीस गं."

"कशी वाटायला हवी होते?"

"चिडतेस काय? आम्ही असलं काही मानत नाही. तुला कधी आम्ही वेगळं वागवलं का, सांग बघू?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, वहिनी."

त्या कांदा फार बारीक चिरत राहिल्या. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, की आज दादांचे कोणी पाहुणे यायचेत, जेवायला उशीर होईल, तू कुठे ताटकळत बसशील? तुला बांधूनच देते. वाईट वागल्या असं मला म्हणता येणार नाही. मटणाचे तुकडे चांगले वेचून घातले, भाकरी दोन जास्त दिल्या, लिंबूसुद्धा चिरून ठेवलं. एरवी उरलंसुरलं त्या नेहमी स्टीलच्या डब्यात द्यायच्या, झाकणावर त्यांच्या माहेरचं नाव कोरलेल्या. त्या दिवशी त्यांनी वरच्या फळीवरून फॉइलचा डबा काढला, विकतचा, फेकून द्यायचा.

"परत आणायची कटकट नको गं तुला," त्या म्हणाल्या.

मी थँक्यू म्हणाले आणि जिना उतरले. पुढच्या शुक्रवारी परत करायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी गेले नाही. अकरा वाजून गेले तरी त्यांनीही फोन केला नाही.