आमच्या शुक्रवारच्या फोटोफेऱ्या

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या आमच्या फोटो स्टुडिओत निगेटिव्ह ठेवायला पत्र्याचे डबे होते. किस्से ठेवायला डबा नव्हता, म्हणून ते माझ्याकडेच साठत गेले.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. स्टुडिओ भोईरकाकांचा, मी तिथे रिटचिंग करायचे. भिवंडीजवळून नवी रेल्वेलाइन जाणार होती. ती यायच्या आत आसपासच्या देवळांचे, लेण्यांचे, विहिरींचे फोटो काढून, शिवाय रेल्वेचे जुने फोटो गोळा करून प्रदर्शन भरवायचं काकांनी मनावर घेतलं. काकांचे दोस्त इस्माईलभाई कापडाचे लूम चालवायचे, पण जीव कॅमेऱ्यात. शुक्रवारी लूम बंद. नमाज आटोपून ते जीप आणायचे आणि आम्ही तिघं निघायचो.

पहिल्याच शुक्रवारी लोनाडच्या जुन्या शिवमंदिरात इस्माईलभाईंनी फोटोंचा सपाटा लावला. मग एकदम थबकले.

"काका, छत्तीसचा रोल है. चाळीस फोटो कसे निघाले?"

काकांनी कॅमेरा उघडला. आत रोलच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा हजर. गुरवाने विचारलं, "मागच्या टायमाला देव नीट बसला न्हवता का?"

काकांचा मोठा कॅमेरा तिवईवरचा. काळ्या कापडात डोकं घालून ते लेण्याचा फोटो घेत होते. लाकडांची मोळी घेऊन एक बाई वाटेत उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "तोंड कशाला लपवतो गो ह्यो? आमी तं वळखत बी न्हाय त्याला."

कल्याणला एक निवृत्त गार्ड राहायचे. त्यांच्याकडे वाफेच्या इंजिनासमोर सगळा स्टाफ रांगेत उभा, असा जुना फोटो होता. तो प्रदर्शनाला द्यायला आजोबा काही तयार होईनात. शेवटी आजींनीच भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला.

"घेऊन जा. सगळ्यांचे डोळे उघडे आहेत, यांचेच मिटलेत. आणि मला जन्मभर सांगतात, ड्युटीवर कधी डोळा लागला नाही."

आजोबा हसले आणि फोटो मिळाला.

खारबावच्या बाजूला हिराबाई नावाच्या म्हातारीची दगडी विहीर लाइनच्या भरावाखाली जाणार होती. आम्ही गेलो तेव्हा तिने आम्हाला त्याच विहिरीचं पाणी पाजलं. काकांनी विहिरीचा सुरेख फोटो घेतला: कोरीव दगड, पायऱ्या, तिरपं ऊन.

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये भरलं. तोवर विहीर बुजली होती. हिराबाई लेकीला घेऊन आली. फोटोपुढे उभी राहिली.

"पानी न्हाय दिसत."

काका म्हणाले, "आजी, लांबून घेतलाय. पाणी कसं दिसणार?"

"मग वाकायचं व्हतं."

वाकूनही एक घेतला होता, पण पाण्यात आमच्याच डोक्यांचं प्रतिबिंब आलं म्हणून काकांनी तो बाद केला होता. मी धावत स्टुडिओत जाऊन तो आणला. खोल तळाशी गोल पाणी, आणि त्यात काका, इस्माईलभाई, मी आणि मध्ये हसणारी हिराबाई.

तिने तो दोन्ही हातांत धरला. लेकीला बोट लावून पाणी दाखवलं. मग पदरात गुंडाळून निघाली.

काकांनी भिंतीवरचा मोठा फोटो उतरवून तिच्यापुढे धरला. "आजी, हाही घेऊन जा."

"ऱ्हाऊ दे तुमाला," ती म्हणाली. "त्यात नुस्ती इहीर हाय."