वासूची पाठ

कुठल्याही कंपूत किस्से आपोआप साठत जातात, मुद्दाम कुणी साठवत नाही. माणूस गेला की मग लक्षात येतं, अरे, आपले निम्मे किस्से ह्या एकाच्याच नावावर आहेत! आमच्या देवबागच्या कंपूत ते वासूच्या नावावर आहेत.

कंपू म्हणजे आम्ही तिघं. भाऊ, गणपती करणाऱ्या घरातला, मुंबईला आर्ट कॉलेजात शिकून परत आलेला. शैला, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि मी, शाळेत ड्रॉइंग शिकवणारा. चतुर्थी झाली की भाऊची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, रिकामी पडते. मग तिथे रविवारी आम्ही माणसं काढतो, म्हणजे हात, पाय, खांदे. वासू आमचा मॉडेल. गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. आता मुंबईच्या एका गॅलरीला भाऊने प्लास्टरमध्ये केलेली वासूची पाठ हवी आहे, कायमची. वासूच्या बायकोला, सुशीलावहिनींना, विचारल्याशिवाय ती हलवायची नाही, एवढं ठरलं. विचारायचं कुणी, ते मात्र ठरत नव्हतं.

*

वासू आम्हाला सापडला रापणीवर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दहा-वीस माणसांनी दोर धरून ओढायचं जाळं. भाऊ त्याच्या उघड्या पाठीमागे वेड्यासारखा चालत राहिला. शेवटी वासू वळला.

"काय रे, माझ्या फाटीर काय लिवलला आसा?"

भाऊ म्हणाला, "चेहरा माणूस फोटोसाठी सांभाळतो. पाठ सांभाळायला कुणाला वेळ असतो? ती खरं बोलते."

वासू म्हणाला, "मग माझी फाट जेवक मागता काय बघ!"

*

मॉडेल म्हणून त्याला स्वस्थ बसता येईना. म्हणून भाऊने खांबाला दोर बांधून त्याच्या हातात दिला, नुसता ओढल्यासारखा धर म्हणून. दोन मिनिटांत खांब हलला आणि वरची कौलं खाली!

"रे, हळू!" भाऊ ओरडला.

"खोटा खोटा वडूक माका येणा नाय!"

*

शैला चित्र काढताना स्नायूंची नावं सांगायची. वासूला त्यातलं 'लॅटिसिमस' फार आवडलं. दुसऱ्या दिवशी रापणीवर त्याने जाहीर केलं, "आज माझा लॅटिसिमस दुखता, माका जमाचा नाय."

संध्याकाळी रापणीची सगळी मंडळी शैलाच्या दवाखान्यात हजर. "बाय, आमच्या वासूक ह्यो खंयचो रोग लागलो?"

*

पाठीचा साचा घेतला तेव्हा प्लास्टर चिकटू नये म्हणून खोबरेल लावायचं काम माझं होतं. मी मध्येच कुठेतरी हात आखडला. प्लास्टर सुकलं, साचा ओढला, आणि पाठीवरचे केस त्याच्याबरोबर निघाले. वासूची बोंब खाडीपलीकडे गेली असेल!

भाऊ ओशाळून म्हणाला, "इतकी वर्षं साच्यातून गणपती काढतो, असं कधी झालं नाही रे."

"गणपती बोंबलणा नाय, म्हणान तुका कळाक नाय!"

*

शिल्प तयार झालं तेव्हा वासूने पहिल्यांदा स्वतःची पाठ बघितली. आम्ही थट्टेची वाट बघत होतो. तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"माझो बापूस फाटल्यान असोच दिसायचो," तो म्हणाला. "ल्हान असताना मी त्याच्या फाटसून चलायचंय. ह्याच बघित."

त्या दिवशी चहा प्यायलाही थांबला नाही. मला त्याची आठवण येते ती ह्या दिवसाची. फार येते.

*

किनाऱ्यावरचा एक टुरिस्ट त्याला विचारत होता, "अंकल, जिम कुठली तुमची?"

वासूने समुद्राकडे बोट केलं. "ती काय! फी नाय, पण सुट्टी पण नाय."

*

शेवटी भाऊनेच वहिनींना गणपतीच्या शाळेत बोलावलं. वासू असताना त्या एकदाही तिथे आल्या नव्हत्या. "घरात आसा ताच बघूक थंय कित्याक येव?" म्हणायच्या. आता आल्या. भाऊने वरचा कपडा काढून पाठ पुसली आणि चाचरत गॅलरीचं सांगितलं. तुम्ही नको म्हणालात तर ती कुठेही जाणार नाही, हेही सांगितलं.

वहिनी पाठीजवळ गेल्या. आधी तळवा ठेवला, मग बोटांनी चाचपत डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली थांबल्या, आणि तिथे नखांनी खाजवायला लागल्या. पांढरी पूड त्यांच्या पदरावर पडत होती. शैला खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने वहिनींनी हात झटकले.

"धाडा, भावोजी. पण थंयच्या माणसांका सांगा, मधी मधी हयसर खाजवूक होया. ह्यांचो हात थंय पोचणा नाय."