हाडूची की ढकलूची?

माझी आतेबहीण जन्माला आली ती मुलगा म्हणून, आणि ही चूक निस्तरायचं काम का कोण जाणे माझ्या गळ्यात पडलं. साठचं दशक संपत आलं असेल. मुंबईला जाऊन तिने एक डॉक्टर गाठला, इंजेक्शनं सुरू केली, केस वाढवले आणि देवबागला आईकडे परत आली. आईने, म्हणजे माझ्या आतेने, तिला घरात घेतलं, चूलही तिच्या ताब्यात दिली. पण हाक मारायची ती मुलग्याची. "खंय होतंस रे?" "भात शिजलो काय रे?" मुलीला आमच्यात "गो" म्हणतात. त्या एका "गो"साठी ही बया झुरत होती.

त्यात डॉक्टरने इंजेक्शनांच्या जोडीला गोळ्या लिहून दिल्या. बाईच्या शरीरात म्हणे दोन रस असतात. एक महिनाभर असतो, दुसरा महिन्याच्या उत्तरार्धात येतो. ही गोळी त्या दुसऱ्याची, प्रोजेस्टेरॉनच्या जातीची. गोळीने छाती भरेलच असं नाही, हे डॉक्टरनेच सांगितलेलं. मग घेतेस कशाला, असं मी विचारलं.

"बायलांका असता ना? मगे माका पण व्हयो."

मी डॉक्टरची चिठ्ठी खिशात घातली.

मालवणात गोळ्या मागायची सोय नव्हती. मी तिथला मास्तर. खोकल्याचं औषध घेतलं तरी संध्याकाळपर्यंत मला क्षय झालेला असायचा. म्हणून एसटीने कणकवली गाठली. दुकानात ही गर्दी! मी पुढे घुसलो तसा दुकानदार म्हणाला, "पाव्हणे, तुमची पाळी आली की बोला."

पोरांना एका शब्दाचे दोन अर्थ शिकवण्यात हयात चाललेला मी, गांगरून म्हणालो, "पाळीचंच काम होतं."

सगळी गर्दी वळून बघायला लागली. त्याने चिठ्ठी वाचली आणि थेट मालवणीवर आला.

"हाडूची की ढकलूची?"

म्हणजे पाळी आणायची की पुढे ढकलायची. गोळी एकच. सणावाराला बायका ढकलतात, चुकली तर आणतात.

"हाडूची नाय. ढकलूची पण नाय."

"मगे गोळ्ये कित्याक? लोणच्याक?"

मागे कोणीतरी खोऽखो हसलं.

"कोणाक व्हये?"

माझं लग्न झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "आतेच्या चेडवाक."

चेडू म्हणजे मुलगी. खरंच होतं ते. इथे तोंड मिटायला काय हरकत होती? पण एकदा खरं बोललं की माणूस वाहवतो. "आते देवबागची. सुकी मासळी घेवन तुमच्या बाजारात बसता, ती," हेही मी न विचारता सांगून टाकलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी देवबागला होतो. गोळ्या सुरू झालेल्या. बहीण पोट फुगवून चटईवर पडलेली आणि मांजराने आपल्याकडे पाठ केली म्हणून रडत होती. आते आली आणि तिने रिकामी पाटी धाडकन आपटली.

"गोळ्येवालो भर बाजारात विचारता, तुझ्या चेडवाची पाळी आयली काय? खंयचा चेडू रे माझा?"

मी शूरासारखं आत बोट दाखवलं.

आतेने पदराला हात पुसले. मग आत गेली.

"पोट फुगला?"

"होय."

"छाती दुखता?"

"होय."

"रडाक येता?"

उत्तरादाखल नवीन रडणं सुरू झालं.

"मगे बाजूक बस," आते म्हणाली. "चुलीक शिवा नको गो."

"आते, ता तसा नाय!" मी ओरडलो. "तिका काय येवचा नाय. नुसते गोळ्ये ते!"

"तू गप रव! बायलांच्या गजालीत तुका काय कळता?"

ज्या बाजूला बसण्याच्या नावाने वाडीतल्या बायका बोटं मोडतात, ते बसणं या बाईने पदक मिळाल्यासारखं घेतलं. कोपऱ्यात गोणपाटावर ताठ बसली. नाक गळतंय, पण मान वर. इतर बायका चार दिवसांत सुटतात. हिच्या गोळ्या दहा दिवसांच्या! मी डोक्याला हात लावला.

दमलेल्या आतेने तो हात बघितला. "रिकामो कित्याक बसलंस? भात टाक."

फुंकणी फुंकून माझे डोळे चुरचुरायला लागले, लाकडं काही पेटेनात. आणि कोपऱ्यातून, आईच्या अगदी हुबेहूब आवाजात, हाक आली,

"भात शिजलो काय रे?"