मंडपमच्या समुद्रातले बारा तुकडे

नागपूरहून मंडपमला जायचे तर मद्रासच्या गाडीचे आरक्षण महिनाभर आधी करावे. मद्रासला उतरून दुसऱ्या स्टेशनावर जावे लागते आणि तिथून पुढे लहान रुळांची गाडी मिळते. मी दुसऱ्यांदा निघालो होतो, तरी तिकिटे चार वेळा तपासली.

"काहून रे, दगडासाठी इतक्या दूर जाऊन राहिला?" आईने डबा बांधताना विचारले. "आपल्या इथं दगड नाही का?"

"समुद्र नाही ना, आई."

मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. नववीनंतर शाळा सुटली, पण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहितो. आमच्या बाई एका शेवाळाचा अभ्यास करतात. ते इतके बारीक असते की नुसत्या डोळ्यांना त्याचा धागा दिसत नाही. समुद्राखालच्या शंखात, पोवळ्यात, चुन्याच्या कुठल्याही दगडात ते स्वतःपुरती वाट विरघळवून आत राहायला जाते. संगमरवरही चुन्याचाच दगड. म्हणून वर्षापूर्वी आम्ही सीताबर्डीच्या दगडवाल्याकडून साबणाच्या वडीएवढे बारा तुकडे नेले आणि सागवानी चौकटीला बांधून मंडपमला पाण्यात सोडले. आता ते काढायचे होते. बाईंचा प्रबंध त्यांच्यावरच होता, आणि पुन्हा रजा मिळणार नाही असे कॉलेजने सांगितले होते.

बांधणीचे काम माझे होते. सुतळी कुजते, लोखंड गंजते, म्हणून मी तांब्याची तार घेतली होती. एकेका तुकड्याला उभी-आडवी, दुहेरी. आठ तुकड्यांतच तार संपली. उरलेले चार नावाडी अंतोनीच्या जवळच्या नायलॉनच्या दोरीने बांधावे लागले. माझ्या वहीत त्या चारांपुढे 'कच्ची बांधणी' अशी नोंद आहे. वर्षभर मला त्यांचीच काळजी होती.

मंडपमला स्टेशनाजवळच्या खानावळीत केळीच्या पानावर भात वाढतात. सांबाराला तिखटपणा कमी. आपल्याकडच्या माणसाने ठेच्याची बाटली सोबत ठेवावी. सकाळी ओहोटीला बाई आणि मी अंतोनीच्या होडीतून निघालो. पाणी इतके स्वच्छ की होडीची सावली तळावर पडलेली दिसत होती. अंतोनीने बुडी मारली आणि चौकट वर आली. बाराही तुकडे जागेवर होते. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाईंनी पहिला तुकडा उचलला. चारही कोपरे हिरवे होते, पण मधोमध बेरजेच्या चिन्हासारखा रुंद पांढरा पट्टा, दुकानातून आणल्यासारखा कोरा. दुसरा तसाच. आठही तसेच.

"इथं काहीच कसं उगवलं नाही?" बाई म्हणाल्या. मग त्यांचे बोट तारेवर थांबले. "मधुकर, ही तांब्याची आहे?"

"हो बाई. गंजू नये म्हणून."

"तुझी आई प्यायचं पाणी कशात भरते रे?"

"तांब्याच्या गुंडात," मी म्हणालो. "त्यात पाणी खराब होत नाही." आणि बोलता बोलता मला समजले. पाणी ज्या कारणाने खराब होत नाही, त्याच कारणाने बाईंचे शेवाळ मेले होते. मी खाली बसलो. होडी हलली.

अंतोनी मोडक्या हिंदीत म्हणाला, "बैठो बैठो, लेकिन बीच में बैठो."

बाईंनी शेवटचे चार तुकडे उलटून पाहिले. नायलॉनची दोरी सैल पडली होती, एक तर नुसत्या गाठीवर लोंबत होता. पण चारही पूर्ण हिरवे होते. मी हातातल्या ब्रशने एक घासला, रंग निघाला नाही. रंग दगडाच्या आत होता. वर बारीक चरे पडले होते आणि एक छोटी गोगलगाय अजून चिकटून होती. ती शेवाळ खाण्यासाठी दगड खरवडते, म्हणून दगड आणखी झिजतो, हे बाईंनी सांगितले.

"चार पुरतील?" मी विचारले.

"पुरवू. अन् ते आठ फेकू नको, तांब्याजवळ काय होतं तेही लिहावं लागेल. तुझ्या वहीतली ती 'कच्ची बांधणी' तेवढी खोड."

परतीच्या सबंध प्रवासात चार तुकड्यांची बरणी माझ्या मांडीवर होती. बल्लारशाहला संत्री दिसू लागली, तरी मी उतरलो नाही.

कॉलेजात बाईंनी त्यांतल्या एका तुकड्याचा कपचा सौम्य आम्लात ठेवला. दगड फसफसत विरघळून गेला आणि काचेवर नुसते हिरवे धागे उरले, दगडात होते तसेच वळणे घेत. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकासमोर आधी बसवले. मी बराच वेळ उठलो नाही. आजवर मी चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेला प्रत्येक शंख मला आठवत होता.

कोणी असे काम घेऊन मंडपमला जाणार असेल तर नायलॉनची दोरी न्यावी. पट्ट्यांच्या आठांपैकी एक तुकडा बाईंनी मला दिला. पट्ट्यावर नख गुळगुळीत फिरते, कोपऱ्यात अडकते.

"कायचा दगड हा?" आईने विचारले.

"माझी चूक आहे, आई."

"वजनदार आहे," ती म्हणाली. मांजर झाकण पाडते म्हणून तिने तो पाण्याच्या गुंडाच्या झाकणावर ठेवून दिला. अजून तिथेच आहे.