चालवणाऱ्या बाई

बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. पेशंट दारातून आत येऊन बाकावर टेकेपर्यंत त्या चकार शब्द बोलत नसत. मग मान वर करून म्हणायच्या, "हं. आता बोला." तोवर त्यांचं अर्धं काम झालेलं असायचं.

शहापूरच्या आमच्या दवाखान्यात मी ईसीजी काढायचो आणि बाई पेशंटकडून व्यायाम करून घ्यायच्या. फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसलाच नाही. सगळे त्यांना 'चालवणाऱ्या बाई' म्हणत. नव्वदच्या दशकात मुंबईचे एक हार्ट सर्जन महिन्यातून एकदा येत. ज्याचं ऑपरेशन करायचं त्याचे सगळे रिपोर्ट बघून झाले, की ते शेवटी बाईंना विचारत, "झेपेल का याला?" तुम्हालाही हसू आलं असतं. दुखणं हृदयाचं आणि चौकशी पायांची!

बाईंची परीक्षा अगदी साधी. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. स्टुलावरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. शेवटी बाईंचा हात धरून जीव खाऊन दाबायचा. बस्स.

"एवढ्यावरून काय कळतं हो बाई?" मी एकदा विचारलं.

"हृदय डॉक्टर दुरुस्त करतील. पण नंतर खाटेवरून खाली उतरायचं ते ज्याचं त्यानंच. त्यासाठी अंगात काही शिल्लक आहे का, तेवढं मी बघते."

मुरबाडचे एक भातगिरणीवाले शेठ आले होते. गिरणीतून गाडीत आणि गाडीतून गादीवर, एवढीच त्यांची चाल. स्टुलावरून उठताना त्यांनी आधी टेबल धरलं, मग मला धरलं. सर्जन म्हणाले, घाई नाही. बाई म्हणाल्या, "मग महिना-दोन महिने मी सांगते तेवढं रोज चाला आणि मग जा." शेठ भडकले. "मला ऑपरेशन करायचंय, शर्यत नाय लावायची!" आणि तडक दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

ऑपरेशन उत्तम झालं, पण माणूस अंथरुणातून उठेना. घरी आणलं तेव्हा मोरीपर्यंत न्यायला दोघं लागत. ते कळलं, तशा बाई सुटीच्या दिवशी एसटीने मुरबाडला जाऊ लागल्या. 'मी सांगितलं नव्हतं का' हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. शेठ पहिल्यांदा अंगणातल्या तुळशीपर्यंत चालले आणि हुंदके देऊन रडायला लागले. बाईंनी दटावलं, "रडा, पण श्वास सांभाळून."

आणि मग डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावरची ती आली. वय चाळिशीच्या आतलं, हृदयाची झडप आवळलेली, घरात तीन पोरं. ऑपरेशन केलं नाही तर फार दिवस नव्हते, आणि अशा अशक्त शरीराला ते सोसेल असं सर्जनना वाटत नव्हतं. सगळं बाईंवर आलं.

परीक्षेत ती साफ नापास झाली. चालली ती गोगलगायीच्या गतीने. नवरा आधाराला बरोबर होता, तरी. डॉक्टरांसमोर स्टुलावर बसायलाच तयार होईना. बसली ती कड धरून, आणि उठलीही कड धरूनच. बाईंच्या हातात हात दिला तो तीर्थ घ्यावं तसा. सर्जन म्हणाले, "नको. ही टेबलावरून परत येणार नाही."

बाईंनी दोघांना पुन्हा एकदा चालायला लावलं, आणि एकदम नवऱ्याला विचारलं, "दादा, गुडघा कधीपासून दुखतो तुमचा?"

"दोन वर्सं झाली, बाई."

"आणि तू गो, यांच्या मागंमागं का चालतेस?"

"मंग? घरधन्याच्या पुढं कशी चालू?"

बाई सर्जनकडे वळल्या. "डॉक्टर, आपण मघापासून यांचा गुडघा मोजतोय."

नवऱ्याला चहाला पाठवलं. मग ती चालली. मध्ये एकदा दम खायला थांबली, पण पाऊल कसं ठाम पडत होतं! बाईंनी स्टूल बाजूला सारलं, स्वतः जमिनीवर उकिडव्या बसल्या. "चुलीपुढं बसतेस तशी बस. आता ऊठ." ती कशालाही हात न लावता उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "आता हा माझा हात नाही, मोळीची दोरी आहे. आवळ." तिनं आवळली आणि बाई ओरडल्या, "आई गं!"

सर्जन हसले, मग गंभीर झाले. "खात्री देता?"

"खात्री नाही देत. हिच्या अंगात जोर आहे, एवढं सांगते."

मुंबईला तिचं ऑपरेशन होतं त्या दिवशी बाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. मी त्यांना रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "चुकले असेन तर?" त्या म्हणाल्या. "तीन पोरं आहेत हो तिची." संध्याकाळी फोन आला, ऑपरेशन नीट झालं. बाई तरी हलल्या नाहीत. "ते त्यांचं काम झालं. माझं कळेल ते ती खाटेवरून उतरली की."

दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन आला. नर्सची नजर चुकवून ती खाटेवरून उतरली होती आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी इतकी वर्षं हृदयाच्या रेघा काढत होतो. माणसाच्या अंगात काय काय दडलेलं असतं याचा मला पत्ताच नव्हता. बाईंना तो हाताला हात लावून लागत होता. त्या दिवशी मला त्यांची भीतीच वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी.

काही वर्षांनी बाई गेल्या. साधा ताप म्हणून रजा घेतली होती, परत आल्याच नाहीत.

त्या साली भात झोडून झाल्यावर ती आली. कडेवर नातू होता, आणि डोळखांबहून आलेल्या गाडीत ती उभ्यानं आली होती. "चालवणाऱ्या बाई कुठं हायत?" मी सांगितलं. ती नातवाला घेऊन पायरीवर बसली.

"दर साली बोलवायच्या. भात झोडलं की ये, बघू दे, म्हनायच्या. आता कोनाला दाखवू?"

मी म्हटलं, "मला दाखव."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले आणि हसली. "तुमाला काय कळतंय त्यातलं!"

खरंच, मला काही कळत नव्हतं. कळणारं दवाखान्यात आता कुणी उरलं नव्हतं.