हट् मॅडमचं गरम पाणी

आमच्या शाळेतल्या पीटीच्या मॅडम समोरच्या माणसाचा निकाल एका शब्दात लावत. तो शब्द होता 'हट्'. तोंड फारसं न उघडता, मान जराशी वळवून, चहात पडलेली माशी बोटानं काढून टाकावी तसा तो शब्द त्या टाकत. मैदानात शिरलेल्या कुत्र्याला हट्. प्रार्थनेत उगाच लांबलेल्या भाषणाला हट्. तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलींना कबड्डीपेक्षा योगासनं बरी, असं सुचवलं तेव्हा साहेबांनाही हट्. त्यांना ते ऐकू गेलं की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही, पण चहाचा दुसरा कप त्यांनी घेतला नाही. मुलींनी त्यांचं नाव हट् मॅडम ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

सगळ्यात जास्त हट् माझ्या वाट्याला आले. मी गणित शिकवतो, दहावीचा वर्गशिक्षक आहे आणि मला सतत वाईट वाटत असतं. कुणाला रागावलो तरी वाईट वाटतं, नाही रागावलो तरी वाटतं. हे मी माझ्या चांगुलपणाचं लक्षण समजत होतो. मॅडमच्या लेखी ती एक आळशी सवय होती.

हुडकेश्वरच्या त्या शाळेतली आमची पुरुषांची स्टाफरूम म्हणजे अज्ञानाचं गोदाम होतं आणि मी त्यातलंच एक पोतं. एखादी मुलगी बाकावर डोकं टेकवून, पांढरीफटक पडून बसली आणि "सर, पोट दुखतं" म्हणाली की आमच्याकडे एकच उपाय होता : खणातला ओवा. हे दुखणं अपचनाचं नाही हे आम्हाला कळत असे. आम्हाला कळतं हे मुलीलाही कळत असे. तरी ती मुकाट्यानं ओवा चघळे आणि आम्ही फळ्याकडे तोंड फिरवत असू. पाळी हा शब्द उच्चारायला लागू नये म्हणून डिग्र्या घेतलेली पाच-सहा माणसं किती वर्षं ओवा वाटत राहिली, याचा विचार केला तर हसूही येत नाही. वर मधल्या सुट्टीत इंग्रजीचे सर डबा उघडत म्हणायचे, "पीटीचा तास आला का पोरींचं पोट बरोबर दुखते." आणि आम्ही सगळे खो-खो हसायचो.

एकदा मॅडम खडू मागायला दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

"सर, मागं तुमची दाढ दुखली तं तुम्ही घरी पडून होते ना जी?"

"हो मॅडम, फारच दुखत होती."

"मंग तुमाले कोणी ओवा दिला होता काय? का नाटक करून राहिले म्हणून हसलं होतं?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं. मॅडमनी खडू घेतला, हट् म्हटलं आणि गेल्या. त्यांचा राग नसायचाच, नुसती तुच्छता असायची. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. तुच्छतेला काय उत्तर देणार?

मॅडम मूळच्या सावनेरच्या. एकट्या राहत. पंजाबी ड्रेसवर निळं ट्रॅकसूटचं जाकीट, गळ्यात शिट्टी. क्रीडासाहित्याची खोली हे त्यांचं राज्य. तिथं कबड्डीच्या मॅट, हवा गेलेले व्हॉलीबॉल, आणि खिडकीत एक विजेची केटली व रबरी पिशवी. पिशवीला जुन्या टॉवेलची खोळ त्यांनीच शिवली होती. एप्रिलमध्ये, कूलरसमोर बसूनही शर्ट पाठीला चिकटतो अशा दुपारीसुद्धा ती केटली सुरू असायची. पोट धरून आलेल्या मुलीला त्या मॅटवर कुशीवर झोपवत, गुडघे पोटाशी घ्यायला लावत आणि पिशवी देत. सकाळी काय खाल्लं ते विचारत, आणि काही खाल्लं नसलं तर स्वतःच्या डब्यातली पोळी पुढे करत.

"मॅडम, लय उकडून राहिलं."

"उकडू दे वं. पोट ऐकून राहिलं ना?"

पोट जरा ऐकू लागलं की, "ऊठ आता. मैदानाले एक चक्कर मार. पळू नको, नुसती चाल." गोळी मात्र त्या कधी देत नसत. म्हणायच्या, "मी डॉक्टर नाही. पण जवळ डॉक्टर असताना पोरीले तडफडू देणाऱ्याले मी माणूस म्हणत नाही."

ते वाक्य माझ्यासाठी होतं. कारण माझी मुलगी रेणू तेव्हा आमच्याच शाळेत दहावीला होती.

रेणूचं दुखणं साधं नव्हतं. पहिल्या दिवशी ती उलट्या करायची, घामानं भिजायची, भिंतीला धरून चालायची. दर महिन्याला तिची शाळा बुडायची. बोर्डाची परीक्षा जवळ आली होती आणि नेमकी पेपराच्या दिवशी पाळी आली तर काय, या धास्तीनं ती महिनाभर आधीपासून कॅलेंडरसमोर उभी राहायची. घरी आम्ही काय करत होतो? मी तिच्या दाराशी जाऊन "बेटा, खूप दुखतं का?" असं विचारत होतो आणि हळहळत परत येत होतो.

सराव परीक्षेच्या दिवशी ती पेपर अर्धा टाकून उठली. मी क्रीडाखोलीत पोचलो तेव्हा ती मॅटवर वळकटीसारखी पडली होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "मॅडम, मला फार वाईट वाटतं हो."

"तुमचं वाईट वाटणं पोटावर ठेवून शेकता येते काय, सर?"

मी दारातून एक पाऊल आत आलो.

"घरी शेकत नाही काय हिले?"

"पिशवी आहे घरी."

"मंग?"

"ती माझी आहे. कमरेसाठी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं सांगणं भाग होतं. आमच्याकडे चार दिवस रेणूची चटई वेगळी असते, ताट वेगळं असतं, आणि घरच्या वस्तूंना तिनं हात लावायचा नसतो. माझी आई हे पाळते, बायको आईसाठी पाळते आणि मी दोघींसाठी पाळतो. त्यामुळे रोज जेवण झालं की मी आरामखुर्चीत बसून कंबर शेकत असे, आणि आतल्या खोलीत माझी मुलगी गुडघे छातीशी धरून पडलेली असे. मधे एक पडदा. त्या पिशवीचा आणि त्या पोटाचा काही संबंध असू शकतो, हे गणिताच्या मास्तराच्या डोक्यात कधी आलंच नाही.

या वेळी मॅडम हट्सुद्धा म्हणाल्या नाहीत. तेवढंही मोल माझं उरलं नव्हतं.

"डॉक्टरकडे काहून नाही नेलं?"

मी म्हणालो, "लग्नाआधी तसल्या दवाखान्यात... लोक बघतात. आणि त्या गोळ्यांनी म्हणे पुढे मूल होत नाही."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणतात."

"त्या सगळ्याइपैकी कोणी आज इथं उलटी पुसाले आलं काय?" त्यांनी हातातलं फडकं बादलीत पिळलं. "शाळा सुटली का दवाखान्यात. तुम्ही येता का मी नेऊ?"

मी गेलो, म्हणजे मॅडमच्या मागे गेलो. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात बाकावर सगळ्या पोटुशी बाया, भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो आणि मधे मी, मांडीवर शाळेची बॅग घेऊन. नेमक्या आमच्या लेआउटमधल्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजारीणबाई तिथं सुनेला घेऊन आल्या होत्या. त्यांनी रेणूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रेणूच्या पोटाकडे.

"काय सर, इकडे कुठं?"

मी काहीतरी खोटं जुळवत होतो. तेवढ्यात मॅडम भरल्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीचं पाळीत पोट दुखते, म्हणून आणलं. दात दुखला का दाताच्या डॉक्टरकडे नेते, तसंच. तुमच्या सुनेचं काय?"

शेजारीणबाई सुनेची फाइल चाळू लागल्या. रेणूनं मान खाली घातली होती, पण तिचे खांदे हलत होते. ती रडते असं वाटून मला वाईट वाटलं. ती हसत होती.

डॉक्टरबाईंनी रेणूलाच सगळं विचारलं. मला एक अक्षर नाही. तपासून मग त्यांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, की कळ वाढेपर्यंत सहन करत बसायचं नाही. दुखायला लागलं की लगेच, काहीतरी खाऊन, सांगितली तेवढीच घ्यायची. शेक द्यायचा, जमेल तेवढं चालायचं. दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर सोनोग्राफी करू. मूल न होण्याची भीती मी भीतभीत बोलून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "या गोळीनं तसं काही होत नाही. पण एवढं दुखत असताना कुणी बघितलंच नाही, तर आत खरंच काही असलं तरी कळणार नाही." बाहेर येताना मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत एक लांबलचक हट् होता.

त्या रात्री मी माझी पिशवी भरून रेणूच्या चटईवर नेऊन ठेवली. आई म्हणाली, "अरे, मंग तुझी कंबर?" मी म्हणालो, दुखू दे. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अभिमानानं हे मॅडमना सांगायला गेलो. त्या शिट्टीची दोरी सोडवत होत्या.

"मंग काय, सत्कार ठेवू तुमचा?"

गणिताच्याच पेपराच्या दिवशी रेणूची पाळी आली. सकाळी तिनं पोहे खाल्ले, गोळी घेतली, आणि परीक्षा केंद्रावर जाईपर्यंत ऑटोत पिशवी पोटाशी धरून बसली. केंद्राच्या फाटकाशी मॅडम उभ्या होत्या, कडुलिंबाखाली, काही कारण नसताना. मी पूर्ण वेळ फाटकापासून पानटपरीपर्यंत आणि परत असा फिरत होतो, त्या जागच्या हलल्या नाहीत. पेपर सुटला. रेणू बाहेर आली, सरळ चालत. मी विचारलं, "दुखलं का गं?"

"दुखलं थोडं. पण बाबा, शेवटची दोन उदाहरणं काय फालतू होती. तुम्ही शिकवलीच नव्हती."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांना त्या दिवशी मी पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि ते हसू माझ्या शिकवण्याला होतं.

पुढच्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. मी बोलायला उभा राहिलो आणि आधी रुमालच काढला. पहिल्याच रांगेतून आवाज आला, "बसा सर. तुम्ही रडले का चहा थंडा होते." सभागृह हसलं. मी बसलो. समारंभानंतर त्यांनी मला क्रीडाखोलीत बोलावलं आणि केटलीची वायर माझ्या हातात दिली.

"हे आता तुमचं काम."

"माझं? मॅडम, मी पुरुष माणूस. मुली माझ्याकडे कशा येतील?"

"तुमच्याकडे कोण येऊन राहिलं? पाणी गरम करा, पिशवी भरा, मॅटपाशी ठेवा अन् बाहेर निघा. दारात उभं राहून हळहळू नका."

मग त्या सावनेरला भावाकडे राहायला गेल्या. फोन केला तर उचलतात, कामाचं ऐकतात आणि मी हळवं बोलू लागलो की ठेवून देतात.

रोज पहिल्या रिकाम्या तासाला मी केटली लावतो. इंग्रजीचे सर सुरुवातीला मला 'चहावाले' म्हणाले. आता त्यांच्या खणात ओवा नसतो, एवढंच. मी पिशवी भरतो, खोळ घालतो, मॅटपाशी ठेवतो आणि निघतो.

परवा मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होतो. नववीत यंदाच आलेली एक मुलगी दारात आली. बाप हिंगण्याच्या कारखान्यात दिवसपाळी-रातपाळी करतो, पोरगी दिसायला काडी. एक हात पोटावर. आवाज अजिबात खाली न आणता, सगळ्या पुरुषांसमोर म्हणाली, "सर, पिशवी थंडी झाली."

मी धडपडून उठलो. म्हणालो, "अरे, सॉरी बेटा, सॉरी, माझं लक्षच नव्हतं, मला फारच..."

तिनं मान जराशी वळवली. मॅडमना तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

"सॉरी राहू द्या ना सर," ती म्हणाली. "पाणी लावा."