शेती, प्रसन्न

रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये जे वाजतं ना, तेही कोणीतरी बांधलेलं असतं. आमच्या वेळी ते काम माझ्याकडे होतं. एखाद्या वक्त्याचं भाषण लवकर आटोपलं, एखादा गवई आलाच नाही, की कपाटातून टेप काढायची आणि रिकामी जागा भरायची. त्याला फिलर म्हणत. गवयाचं नाव सांगत, तबलजीचंसुद्धा सांगत, फिलरवाल्याचं कधी नाही. त्याचं मला काही वाटत नसे असं लिहिलं तर ती शुद्ध थाप होईल. लालबागच्या आमच्या चाळीत शेंबडं पोरही विचारायचं, "रेडिओत आहात म्हणता, मग ऐकू कसे येत नाही?" काय डोंबल सांगणार!

प्रत्येक टेपच्या डब्यावर एक चिठ्ठी असे. करुण, गंभीर, प्रसन्न. शिवाय ती कुठे चालेल तेही: शेती, सण, बालोद्यान. चिठ्ठी लागली की माझा संबंध संपला. पुढे ती धून कुठल्या खताच्या माहितीखाली वाजेल, ते देवाला ठाऊक.

संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, त्या दिवसांत गोळीबार झाला आणि शेजारच्या खोलीतल्या मावशीचा मुलगा गेला. मालवणकडची माणसं. नवरा आधीच वारलेला, मुलगा नुकता गिरणीत चिकटलेला. मोर्चात चालत होता की नाक्यावर नुसता उभा होता, कोणालाच धड कळलं नाही. मोठा वल्ली होता. दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढायचा, तोंडात शिट्टी, चाल नेहमी एकच. मी पेटी घेऊन बसलेला दिसलो की मुद्दाम दाराशी थांबून ती बेसूर वाजवायचा. मी खेकसायचो, "गाढवा, निषाद उतरलाय तुझा!" तो म्हणायचा, "मग तुम्ही चढवा, दादा." आणि पसार.

तेरा दिवस झाल्यावर मावशी माझ्या दारात आली. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"तू रेडिओत असस ना? बातमेत सांगल्यानी, काही जण मेले. काही जण म्हणजे कोण? माझ्या झिलाचा नाव घेवक सांग त्येंका."

"मावशी, मी पेटी वाजवणारा माणूस. तिथे माझं कोण ऐकतंय?"

"म्हणजे तूय नायच म्हणतस," ती म्हणाली आणि गेली.

ते मला फार लागलं. सरकारी रेडिओवर नाव घेणं तर कोणाच्या बापाला जमणार नव्हतं. पण धुनेत शब्दच नसले तर अडवणार कोण? मी त्याची शिट्टी घेतली, संथ केली, बासरीवर ठेवली, खाली नुसता तंबोरा. बांधताना दोनदा पेटी बंद करावी लागली. मग मावशीला सांगून आलो, "नाव नाही, पण तुझ्या मुलाची चाल रेडिओवर वाजेल."

रेकॉर्डिंगच्या दिवशी आमच्या विभागाच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लांबतंय. फिलरमध्ये एवढं बसत नाही. कापा, नाहीतर पळवा."

कापू काय? पोराला आधीच कापलं होतं. मी हुज्जत घातली, आवाज चढवला, उपयोग शून्य. वादकांना पुढचं काम होतं. ढोलक आला, लय दुप्पट झाली, बासरीवाला हसत हसत वाजवून मोकळा झाला. माझं रडगाणं लग्नाच्या वरातीसारखं निघालं. साहेबांना मात्र भलतंच आवडलं. त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहिली: शेती, प्रसन्न. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. मावशीला सांगायचा धीर झाला नाही.

ती मात्र वाट बघत होती. चाळीखालच्या हॉटेलात रेडिओ होता. बायामाणसं आत बसत नसत, म्हणून ती रोज संध्याकाळी गल्ल्याशेजारच्या पायरीवर बसायची. मालक चहा द्यायचा, ती घ्यायची नाही. मी कामावरून येताना दुसऱ्या बाजूने वळसा घालून जिना गाठायचो.

एके संध्याकाळी वळसा घालायच्या आतच बासरी कानावर आली. भाताच्या लावणीबद्दल कोणी माहिती सांगत होता, आणि खाली माझा तो ढोलक. मावशी पायरीवरून उठली होती.

"मोठा कर रे," ती मालकाला म्हणाली.

मी जवळ जाऊन कसंबसं म्हटलं, "मावशी, मी अशी बांधली नव्हती. त्यांनी पळवली."

"गप. ऐकांदे." तिच्या पदरावर टपटप पाणी पडत होतं आणि ती हसत होती. "असोच होतो तो. रडको नव्हतो माझो झील. असोच जिन्यार चढायचो."

धून संपली. रेडिओवरचा माणूस बियाण्यांकडे वळला. मावशी थोडा वेळ तशीच कान देऊन उभी राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"पण नाव खय घेतल्यानी?"

"नाही घेतलं, मावशी."

"मगे तू घे."

हॉटेलात गिरणीची पाळी सुटलेली माणसं बसली होती. मी गल्ल्यापाशी उभा राहिलो आणि त्याचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्याने. बाकांवरची माणसं एकेक करून उभी राहिली.